भडंगाचं पाकीट

पुनो गावात उतरून पिशवी उघडली,
तर भडंगाचं पाकीट टम्म फुगलेलं,
तेलात पडलेल्या पुरीगत.
विश्वजित म्हणाला, आई, इथली हवा विरळ,
आतली कोल्हापूरची.
तिला आता जागा पुरेना.
मी ते फोडलं नाही. रात्रभर उशाशी ठेवलं.

पोराला खाणीवरच्या पंपांच्या कामातून
कशीबशी मिळालेली चार दिवसांची सुट्टी.
खिडकीत तळं. तळं म्हणायचं म्हणून,
पलीकडचा काठ दुसऱ्या देशात,
आणि निळं असं
की त्या रंगाचं लुगडं घ्यायला कुणी धजणार नाही.
बाजारात बायका, डोक्यावर गोल टोप्या,
पाठीवर दोन दोन वेण्या,
पुढ्यात बटाटे, वाळवून वाळवून दगड झालेले.
मी भाव विचारला मराठीत,
तिनं सांगितला तिच्या भाषेत,
बोटांवर सौदा झाला.

खोलीमागं शेगडी होती, म्हणून डाळ लावली.
अठ्ठावीस वर्षं उद्यमनगरात मेस चालवली मी,
डाळीनं असं कधी फसवलं नव्हतं.
पाणी खळाखळा उकळतंय
आणि दाणा न् दाणा रुसलेला.
विश्वजित म्हणाला, उंचावर पाणी लवकर उकळतं,
पण पुरेसं तापत नाही.
म्हटलं, असली माणसं मी पुष्कळ जेवायला घातलीत.

दुसऱ्या दिवशी टेकडी.
वरून तळं सगळं दिसतं म्हणे.
सातव्या पायरीला थांबले.
छातीच्या पेटीत कुणी ओली वाळू घालून
ठोकून ठोकून बसवावी, तसं झालं.
पुन्हा सात. पुन्हा वाळू.

उखाण्याबाहेर तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं.
साडेबारा हजार फुटांवर घेतलं:
पिराजी.

बत्तीस वर्षं फौंड्रीत साचे भरलेत.
बंडीतली, केसांतली, नखांतली वाळू
मी धूत राहिले.
आत गेलेली दिसली नाही.
डॉक्टरनं फोटो उजेडात धरून दाखवला,
तरी मला वाटलं, ढग असतील, जातील.

रंकाळ्यावर तुम्ही कठड्याला हात लावून थांबायचात,
मी पदर खोचून पुढं,
मागं वळून म्हणायची, चला की, लोक बघतात.
तो आपला नंदी बघा,
रोज गहूभर पुढं सरकतो, तांदूळभर मागं येतो,
तो सुद्धा तुमच्या आधी पोचंल.
तुम्ही हसायचात.
हसण्यापुरता श्वास कुठनं आणायचात,
मी विचारलं नाही.

पायरीवर एक म्हातारी वरून उतरत आली.
बटव्यातली हिरवी पानं तिनं माझ्या तळव्यावर ठेवली,
गालात धर, असं खुणावलं.
विड्यागत धरली. कडू.
ती मला चल म्हणाली नाही.
शेजारी टेकली,
आणि माझा श्वास माघारी येईस्तोवर
खालच्या पाण्याकडं बघत बसली.
एवढंच करायचं असतं, होय?
एवढं तर मला जमलं असतं.

वर काही गेले नाही. विश्वजितनं फोटो काढून आणला.

घरी येऊन पिशवी उपसली.
पाकीट पुन्हा चपटं,
जसं दुकानातून आणलं होतं तसं.

आज संध्याकाळी रंकाळ्यावर गेले.
जलपर्णी काढायचं यंत्र काठाला बंद पडलेलं,
भेळवाल्याचा सपासप कांदा,
हवा भरपूर, फुकट, शेवाळाच्या वासाची.
तरी सातव्या पावलाला थांबले.
कठड्याला हात लावला.
दोन पोरी पळत पुढं गेल्या, एक माघारी आली,
आजी, दमलासा काय?

न्हाई गं.
आमचं माणूस मागं हाय.
येऊ दे.