पाक

गूळ बुडबुडायला लागला की
मी अंगठा नि तर्जनी मिळवून
हळूच फाकवतो.
तार आली तर खाजं सोडायचं,
नाही तर आणखी एक लाकूड.
तीस वर्षं हे बोट चुकलेलं नाही.

गेल्या श्रावणात ह्याच बोटाला
डॉक्टर ग्लेनिस कुलासोने सुई टोचली,
"दोनशे अठ्ठ्याऐंशी," म्हणाली,
"उपेंद्र, तुमचा पाक फार आटलाय."
मराठी तिची तोडकीमोडकी,
पण हे वाक्य तिने बरोबर कढईत टाकलं.

मी चालायला लागलो.
मयेच्या तळ्याकाठी, बगळ्यांच्या चालीने,
तीन महिने.
बगळे बारीकच राहिले, मी होतो तसाच.

मग छातीला तारा लावून, पट्ट्यावर पळवून,
काळीज शाबूत आहे एवढं बघून ती म्हणाली,
"आता आठवड्यातून तीनदा असं धावा
की कोणी नाव विचारलं तर सांगता येऊ नये."

लामगावच्या मागे बंद खाणीचा चढ आहे.
ट्रक गेले, तांबडी धूळ राहिली.
अर्धा मिनिट वर,
दोन मिनिटं पाय ओढत खाली,
असं सहा वेळा.
पहिल्यांदा लाज वाटते.
दुसऱ्यांदा गुडघे बोलतात.
चौथ्यांदा जत्रेतल्या जागेचं भाडं, जावयाचं पत्र,
सगळं छातीतून खाली पडतं,
उचलायला श्वास नसतो.
एक मोटरसायकलवाला थांबून विचारतो,
"कोण लागलंय मागे?"
मी हात हलवतो. नाव सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी घरी येऊन बोट टोचलं
तर आकडा वर!
मी फोनवर तिला नको ते बोललो.
ती हसली: "वाघ मागे लागला असं वाटून
यकृताने कोठार उघडलं. उद्या बघा."
उद्या पाहिलं. परवा पाहिलं.
तिचं म्हणणं, मांड्यांमध्ये गोदामं असतात,
पोती दारात अडून राहतात
कारण आतले हमाल झोपलेले असतात.
त्यांना हाक मारून उठवता येत नाही,
लाथच घालावी लागते.

रेशन दुकानाच्या काट्यावर मी अजून एक्याऐंशी.
पण सुलक्षाने शिवणाची टेप कंबरेला लावली,
दोनदा लावली, टेपच खोटी म्हणाली.
पट्ट्याला नवं भोक मी खिळ्याने पाडलं.
वजन तेवढंच, माणूस वेगळा.
डोंगराचं उलटं झालं.
त्याच्यातलं लोखंड जहाजाने गेलं,
राहिली ती नुसती माती.

आज शिरगावच्या जत्रेचं खाजं करायचं आहे.
आलं किसलंय, तीळ भाजलेत.
सकाळी टोचलेलं बोट
गरम गुळाला लागलं आणि चरचरलं.
मी हात मागे घेतला नाही.
फाकवलं.
तार लांबली, बारीक झाली,
तुटेना.

"अजून थोडं," मी सुलक्षाला म्हणालो.
कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही.