बाहेरचा सभासद

माझं दुकान रविवार पेठेत, तराजू दुरुस्तीचं.
दुसऱ्यांची मापं सरळ करण्यात जन्म गेला,
पण स्वतःच्या वजनावर स्वतः शिक्का
कधी मारला नाही.
तेवढ्यावरच बहुधा परिचर्या परिषदेत घेतलं मला,
तेरा जणांत मी एकटा
ज्याला सुई टोचता येत नाही.
पत्रात लिहिलं होतं, 'जनतेचा प्रतिनिधी'.
बायको म्हणाली, जनतेला कळवलंय का?

समिती बसते शिवाजीनगरला, तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट तिच्या मर्जीची.
टेबलावर नोंदवही. एक ओळ म्हणजे एक परिचारिका:
नाव, क्रमांक, शपथेची तारीख.
ही ओळ आहे तोवर
तिनं रात्री दोन वाजता परक्याची शीर शोधावी
आणि परक्यानं विचारू नये, तू कोण.

आजची ओळ एस्तेर उजगरे.
एकवीस वर्षं नोकरी. हडपसरचं एक खाजगी इस्पितळ.
पाण्याऐवजी पोटॅशियम गेलं.
गुलाबबाई भोंगळे, वय बावन्न, पहाटे चार वीस.
मुलगा समोर बसलेला, हेल्मेट मांडीवर.

वाचन सुरू व्हायच्या आत कडलगबाई उठल्या.
म्हणाल्या, एस्तेर आणि मी
एका वसतिगृहात, एका बादलीत कपडे धुतलेत.
मी या प्रकरणात नको.
कुणी अडवलं नाही.
सचिवांनी इतिवृत्तात वेळ लिहिली, अकरा दहा.
त्यांचा चहा टेबलावरच राहिला, साय धरत.
दाराच्या काचेतून दिसत होत्या, पाठमोऱ्या,
सूचनाफलक वाचत, पुन्हा तोच.
नियमावलीत हे आठव्या पानावर आहे.
पानावर ते एवढं लांब वाटलं नव्हतं.

बाकीच्या सगळ्या परिचारिकाच.
मला वाटलेलं, आपल्या माणसाला सांभाळून घेतील.
कुठलं काय!
मात्रा कुणी पडताळली, सही कधी केली,
बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचलं का,
सोनारानं सोनाराचा कस लावावा तसं.

माझी पाळी आली.
मी म्हटलं, दोन्ही बाटल्या बघायला मिळतील?
चष्मा लावून बघितल्या. मग काढून.
टोपणाचा रंग एक, अक्षरं मुंगीएवढी.
पाच ग्रॅम आणि दहा ग्रॅम मी डोळे मिटून ओळखतो.
इथे मला सांगता येईना.
'त्या रात्री पेशंट किती होते?'
'एक्केचाळीस.'
'आणि सिस्टर?'
तिनं बोट वर केलं,
वर्गात पाणी प्यायला जायचं असतं तेव्हा करतात तसं.

मुलगा पहिल्यांदाच बोलला.
एक्केचाळीस असतील हो.
आई मला एकच होती.

मग दार लावून आम्ही दोन तास.
अध्यक्षा दोनदा म्हणाल्या, सूड आपलं काम नाही,
पुढच्या खाटेवर कोण झोपणार आहे
त्याचा विचार करा.
ठरलं: नऊ महिने नोंद स्थगित,
पुन्हा प्रशिक्षण, मग देखरेखीखाली काम.
कारणं लेखी, दोन्ही बाजूंना, आणि फलकावर सुद्धा.

इस्पितळाच्या खाटा मोजायचा अधिकार
आमच्या पुस्तकात नाही.
मी म्हटलं, तरी पत्र लिहा. बाटल्यांचंही लिहा.
सचिव म्हणाले, कुठल्या कलमाखाली?
म्हटलं, माझ्या सहीखाली.
ते हसले. पण कागद ओढला पुढ्यात.

उतरताना लिफ्ट नेमकी चालू.
आत एस्तेरबाई, मी, आणि दार मिटता मिटता तो मुलगा.
निकालानंतर सभासदानं पक्षकारांशी बोलू नये.
तीन मजले आम्ही तिघं
दारावरचे आकडे बघत राहिलो.
तळमजल्यावर त्यानं हेल्मेटनं दार धरलं,
तिच्यासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

दुकानी आलो तर वैधमापनचा निरीक्षक
यंदाच्या तपासणीला येऊन बसलेला.
चहा सांगितला. त्यानं नको म्हटलं, बरं वाटलं.
मी वजनं त्याच्यापुढे मांडली, सगळी,
मागच्या फळीवरचं
ते झिजलेलं पावशेरसुद्धा.