अडुसष्ट

रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या,
मिसळीवरची तर्री बंद, पाव तर बघायचाही नाही.
चार महिन्यांत काटा चौसष्टवर आला
आणि मी नवे ब्लाउज शिवून घेतले.

श्रावणातले सगळे उपास धरूनही
काटा पुन्हा अडुसष्ट.
बाळंतपणानंतर हाच आकडा.
टायफॉइडमध्ये हाडं दिसली होती,
त्यानंतरही हाच.

भद्रकालीतल्या नजमाबीनं
मापाची वही उघडलीच नाही.
"आत कापड सोडून ठेवलंय,
तेव्हाच. उसवा फक्त."

परतताना गंगेवर थांबले.
धरणातून पाणी सोडलेलं,
दुतोंड्या मारुती कमरेएवढा बुडालेला.
दोन दिवसांनी उतरेल ती
आपल्या पायरीवर,
कुणी न सांगता.

पिशवीतून ब्लाउज काढला.
पहिला टाका
दातानंच तोडला.