हातचा

माझे वडील, डेन्व्हर रॅटलिफ, एकतीस वर्षं
चुनखडीच्या खाणीत वजनकाट्यावर बसले.
भरल्या ट्रकमधून रिकामा ट्रक वजा,
उरेल तो केंटकीचा दगड.
यंत्र आकडा छापून द्यायचं, तरी ते
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने पुन्हा बेरीज करायचे,
आणि हातचा कोपऱ्यात लिहायचे, इतका बारीक
की दुसऱ्याला दिसू नये.

संध्याकाळी डब्यातून एखादा दगड घरी यायचा,
शिंपल्यांनी गच्च, सांडलेल्या लाह्यांवर
कुणी सिमेंट ओतावं तसा.
"नोहाचा पूर," म्हणायचे, आणि माझ्या तळहातावर
एक बुडालेलं जग ठेवायचे.
मी नऊ वर्षांची. मला पाणी ऐकू यायचं.

मग लेक्सिंग्टनला शिकायला गेले.
बाईंनी आम्हाला डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडेला उभं केलं,
एक थर दाखवला. त्यात किड्याचं बीळ.
त्यावर थर, त्यातही बीळ.
त्यावरही.
वादळात कुणी घर खोदत बसत नाही, बाई म्हणाल्या.
इथे गाळ सावकाश बसत होता,
पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी,
कुणाला कसलीही घाई नव्हती.

हे मी रविवारी जेवताना बोलून गेले.
बीन्सचं भांडं आईच्या हातात तसंच राहिलं.
वडिलांनी विचारलं, "तुझ्या त्या समुद्राला
कुणाचं नाव ठाऊक होतं का?"
मी म्हटलं, "नावाचा काय संबंध?"

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही
टायर, टोमॅटो आणि हवामान यांवर बोललो.
एकदाच, शाळेच्या जिममध्ये, बास्केटच्या जाळीखाली,
ते उभे राहिले, मी शिकवायचे त्या पुस्तकाविरुद्ध.
मला "रॅटलिफबाई" म्हणाले.
घरी जाताना माझी गाडी सुरू होईना,
तर ढकलायलाही तेच.

आई गेली. तिची तारीख लिहायला
मी घरचं बायबल उघडलं.
वर आजोबा, पणजोबा, आणि पेन्सिलीत, बारीक,
कोपऱ्यात लिहावं तसं :
लॉनी. आठ वर्षं, चार महिने.
पहिलं पान सैल झालेलं. सहज ओढून पाहिलं
तर शेवटचंही हललं.
एकाच दोऱ्याने शिवलेली होती दोन्ही.
आणि शेवटच्या पानावर ती सकाळ आहे
जेव्हा तळ्यातून वर येऊन लॉनी
केस झटकणार आहे.

मग कळलं, बेरीज आम्ही दोघंही तीच करत होतो.
त्यांचा हातचा एक होता.

खोटं कशाला बोलू, माझाही होता.
तळ्याकाठी मी होते. बारा वर्षांची, पाठमोरी.
दफनाच्या दिवशी पास्टर म्हणाले, हे सारं योजनेत होतं.
ज्या समुद्राने कधी काही योजलंच नाही
तो मला तेव्हापासून हवा होता.
नाव न विचारणारं पाणी.

किड्याचं बीळ मात्र आम्हा दोघांचंही ऐकत नाही.
ते आहे तिथेच आहे, थरात थर,
आमच्या दुःखाला सोयीचं असो वा नसो,
आणि उद्या दुसऱ्या तासाला मी तेच शिकवणार आहे.

वडिलांना आता नीट दिसत नाही.
परवा व्हरांड्यात खिशातून एक शिंपला काढला,
अंगठ्याने त्याच्या रेघा मोजत बसले.
"हा किती वर्षांचा म्हणतेस?"
मी आकडा सांगितला.
बराच वेळ हातात तोलत राहिले,
काट्यावरचा जुना माणूस.
"एवढ्या वयाच्या मानाने," म्हणाले, "हलका आहे गं,"
आणि शर्टाच्या खिशात परत ठेवला,
खिशाचं बटण लावून.