डावीकडं ओढतंय

श्रेणिक चौगुलेनं ती दांडी
वर्तमानपत्रात गुंडाळून आणली उद्यमनगरात,
माझ्या लेथजवळ ठेवली आणि म्हणाला,
मिस्त्री, विमान डावीकडं ओढतंय.

माझ्याकडं पंप येतात, मोटरी येतात,
उसाच्या चरकाचे रूळ येतात.
विमान पहिल्यांदाच आलं.

काळं प्लास्टिक. अंगठ्याच्या जागी झिजून चकचकीत.
घेतली तीन हजार दोनशेला, सेकंडहँड, पुण्याच्या कुणाकडून.
त्याचा हात जड असणार, श्रेणिक म्हणाला,
लढाऊ उडवत असेल. मी प्रवासी नेतो.

प्रवासी! इर्शाद ग्राइंडरवर वाकून हसला.
पण पोरगं गंभीर होतं.
रोज रात्री साडेनऊला उजळाईवाडीहून हैदराबाद.
एका सीटवर कुणी नसतं, तरी
बेल्ट बांधा असं तो मनातल्या मनात सांगतो.
आणि नाक वर, चाकं आत,
हात सोडला की दांडी मध्ये येत नाही,
केसभर डावीकडं राहते,
आणि बहात्तर रिकाम्या सीटा
हळूहळू हातकणंगल्याकडं वळतात.

चार स्क्रू काढले. आत एवढंच:
दोन पॉट, बिस्किटाचा चुरा,
एका अंगानं दमलेली स्प्रिंग.
पियानो वायर घेतली पॉइंट आठची,
मँड्रेलवर साडेसात वेढे,
गॅसवर गवती रंग येईस्तोवर धरली.
पहिली ताठ झाली. म्हणाला, मगदुमांच्या बुलेटचा क्लच.
दुसरी सैल.
तिसरीला तो काहीच बोलला नाही.

जाताना एक शब्द देऊन गेला, डेड झोन.
मधली एवढीशी जागा,
हात हलतो पण विमानाला कळत नाही.
शून्य केली तर विमान थरथरतं,
वाढवली तर बहिरं होतं.
मी म्हटलं, लेथलाही असती की. बॅकलॅश.
हँडल फिरतं, टूल जागचं हलत नाही.
तेवढं अंतर तळहाताला माहीत असावं लागतं,
डायलवर नसतं ते.
हे मी रात्री जेवताना बायकोला समजावत होतो
आणि ती, भाकरी वाढू का, असं विचारत होती,
बहुतेक तिसऱ्यांदा.

रविवारी त्याच्या घरी, राजारामपुरी नववी गल्ली.
टेबलाला दांडी सी-क्लँपनं आवळलेली.
बसा, म्हणाला, तुम्हीच घ्या वर.
एकोणनव्वद साली चकमध्ये करंगळी गेलेला
माझा उजवा हात दांडीवर नीट बसला.
तिथं करंगळीला काम नव्हतंच.

वर गेलो.
रंकाळा आला, पेरूच्या फोडीसारखा, पाणी हलेना.
पंचगंगा कुणी पट्टीनं मारलेली.
मी म्हटलं, उद्यमनगर दाखव.
तुम्हीच जावा, दांडी तुमच्याकडं आहे.

गेलो.
गवत.
एकच तुकडा पुन्हापुन्हा चिकटवलेला,
कडेला दोन झाडं, सावली नसलेली.
माझं शटर नाही, फौंड्रीचा धूर नाही,
इर्शादची सायकल नाही.
श्रेणिक ओशाळला. नकाशा जुना असतो, मिस्त्री.
जुना खराच. माझा बाप इथं पहिल्यांदा आला
तेव्हा नुसतं गवत होतं म्हणायचा.
मला वाटायचं, वाढवून सांगतोय.

तिथंच हात सोडला.
दांडी टक् करून मध्ये आली.
विमान सरळ, ना डावं, ना उजवं,
माझ्या लेथच्या जागेवरून
कुणाला न कळता पुढं गेलं.

उतरवायला जमलं नाही. आपटलं.
काही फुटलं नाही, नुसतं थांबलं,
आणि त्याच्या आईनं पोहे आणले.

किती झाले, त्यानं विचारलं.
वायरीचे चाळीस, मी म्हटलं.
विमानाचा रेट
मला माहीत नव्हता.