आतली बाजू

आमच्या किनाऱ्यावर झाड नाही.
लाकूड समुद्र आणून टाकतो:
सायबेरियातल्या नद्यांच्या हातून निसटलेला लार्च,
चार-पाच वर्षं बर्फात अडकत, सुटत आलेला,
राखाडी, मिठात मुरलेला.
पटाशीची धार तो तासाभरात खातो.

एकतीस वर्षं मी कारखान्यात कॉड चिरला.
सुरी मला कळते.
रंधा कळत नव्हता.
निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा, दुपारी तीनलाच अंधार,
पडद्यासमोर बसून मी जगाला विचारलं,
खाच कशी पाडतात, कुसू कसं बसवतात.

जग फार बोलतं.
एक जण कोऱ्या यंत्रांपुढे उभा,
लाकडाआधी त्याचे दातच दिसतात.
एक दहा मिनिटांत टेबल करतो,
कापणं आणि जुळणं यांच्या मधली अख्खी दुपार
कुणीतरी कापून नेलेली.
एकाने गोल करवतीवरचं झाकण काढून ठेवलं होतं,
वर हसत होता.
आमच्या कारखान्यात असे हसणारे
पुढे नऊ बोटांवर हिशेब करायचे.

मग मी डोळे मिटायला लागले.
चित्र नको, नुसता आवाज.
बोथट रंधा खाकरतो.
धारदार रंधा लांब श्वास सोडतो,
न थांबता, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कितीक आवाज असे खाकरत गेले.
जानेवारीत एकदा तो श्वास ऐकू आला
आणि मी डोळे उघडले.

नुसते हात.
तोंड त्याने एकदाही दाखवलं नाही,
भाषा कुठली तेही नीट कळलं नाही.
चाळिसाव्या मिनिटाला पटाशी घसरली, कोपरा उडाला.
हात थांबले.
कितीतरी वेळ दोन्ही पालथे, फळीवर.
मग शोधून आणली ढलपी जमिनीवरून,
सरस लावला, दोरी गुंडाळली, आणि निघून गेला.
रिकामं बाक तसंच दिसत राहिलं.
मी पण बसून राहिले.
इतकं शिकवणारं कुणी मला आधी भेटलं नव्हतं.

त्याच्याच मागे बसलेले तिघे पुढे माझे झाले.
तार्तूची मारेट, पूर्वीची दंतवैद्य.
तास्मानियात शाळेची बस चालवणारा डेस्मंड.
एलादियो, पातागोनियाचा,
त्याच्याकडे वारा इतका की खिडकी लावली तरी भुसा उडतो.
गुरुवारी चौघं पडद्यावर भेटतो.
कुणाची तरी सकाळ असते, कुणाची झोप.

पहिल्यांदा मी पेटी दाखवली ती सजवून,
दिव्याखाली, फट भिंतीकडे करून.
वा, छान, असं कुणीच म्हणालं नाही.
मारेट म्हणाली, "स्टेनवर, आतली बाजू दाखव."
दाखवली.
झाकण बसत नव्हतं, कोपऱ्यात मेणाने बुजवलेली लबाडी.
डेस्मंडने उठून स्वतःचं एक स्टूल आणलं,
उलटं केलं. त्याचीही तशीच.
त्या रात्री आम्ही खूप उशिरापर्यंत हसलो.

एलादियोने विचारलं, त्या लार्चला वास कसा येतो?
मी लाकूड हुंगलं, शब्द शोधले.
डांबर म्हणावं तर डांबर नाही,
जुन्या होडीचा तळ, थोडं संत्र्याचं साल...
नाही जमलं.
दुसऱ्या दिवशी तीन पाकिटांत छिलके भरले,
लांब, न तुटलेले, आरपार दिसतील असे,
आणि टपाल कचेरीत गेले.
खिडकीतल्या पोरीने अर्ज पुढे केला.
आतल्या वस्तूची किंमत?
शून्य, मी लिहिलं.
मग इतकं टपालखर्च कशाला, ती म्हणाली.

मारेटचं पोचलं. तिने उशीखाली ठेवलंय म्हणे.
एलादियोचं अजून वाटेत आहे.
डेस्मंडचं तिथल्या सरकारने उघडून जाळलं,
परक्या लाकडातून कीड येते म्हणून; रीतसर पत्र आलं.
त्याने ते गुरुवारी मोठ्याने वाचून दाखवलं
आणि म्हणाला,
निदान जाळणाऱ्याला तरी वास आला असेल.