सात टिचक्या

सेटिंगमध्ये जायचं, खाली, अजून खाली,
बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारायच्या.
चौथीपासून फोन स्वतःच मोजायला लागतो,
आणि सातवीला म्हणतो,
तुम्ही आता डेव्हलपर झालात.
आयटीआय टर्नर, उद्यमबागेत सेकंड शिफ्ट,
अकरा वर्षांत कुणी मला
इतक्या पटकन बढती दिली नव्हती.

फोन शनिवारच्या बाजारातला, सातशेचा,
काचेला एक चीर, कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला.
कुलूप काढायची परवानगी मागितली
तर उत्तर आलं, एकशे अडुसष्ट तास थांबा.
म्हणजे आठवडाच,
पण तासांत सांगितलं की काम चाललंय असं वाटतं.
थांबलो.
वडगावात थांबायची सवय असते.
कांडी भरेपर्यंत थांबतात, वीज येईपर्यंत थांबतात,
काही खटले तर माझ्या जन्माआधीपासून थांबलेत.

आठव्या दिवशी, रात्री साडेबारा.
"काय करूलास रे अजून?" अक्का आतून.
केबल ढिली, एका कोनात धरली तरच धरते,
म्हणून लेथवरच्या टूलसारखी दाबून बसलो.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी,
बेचाळीस टक्के, त्रेचाळीस,
आणि गल्लीतले माग एकदम गप्प झाले.
वडगावात अंधार आधी कानाला कळतो.
लॅपटॉपमध्ये नऊ टक्के जीव.
इराण्णा कन्नडमध्ये देवाला काहीतरी म्हणाला,
मी मराठीत शिवी दिली,
दोघांचं म्हणणं एकच होतं.
चौसष्टवर लॅपटॉपनं डोळे मिटले.

फोनची वीट झाली.
दाबला, धरला, हलवला, चार्जरला लावून झोपलो.
सकाळी वीटच.
मला मात्र वीट आला नाही,
हेच अक्काला कळेना.
तीन रात्री त्याच दोन बटणांवर अंगठे,
आवाज कमी आणि पॉवर, एकत्र, दहा मोजेपर्यंत.
चौथ्या रात्री इराण्णानं घरची इन्व्हर्टरची बॅटरी
मोपेडवर दोन पायांत धरून आणली.
(त्याच्या घरी त्या रात्री पंखा नव्हता,
हे मला नंतर कळलं.)
दोन वाजता पाटावरची वीट थरथरली.

पहिला पडदा: भाषा निवडा.
त्याचं बोट आणि माझं, दोन्ही काचेपासून वीतभर लांब.
फोन माझा, बॅटरी त्याची.
खाली बारीक अक्षरात होतं, आणखी एक जोडा.
जोडली.
वर कुठली ठेवायची यावर चहा होईपर्यंत बोललो,
मग चहा झाला.

खरी अडचण पुढे.
'येऊलो' लिहिलं की खाली लाल रेघ.
'जाऊलीस', लाल. 'करूलास', लाल.
कीबोर्ड सुचवतो, येऊ लागलो.
नाडगौडा बाईही वहीत अशीच रेघ ओढायच्या,
त्यांची निदान शाईची असायची.
त्या कीबोर्डच्या पोटात एक खासगी शब्दकोश असतो,
रिकामा, भाड्याच्या खोलीसारखा.
मी एकेक शब्द आत आणून बसवला,
शिफ्टच्या सुट्टीत, मशीन थंड होताना.
अक्का कांड्या भरताना बोलायची
आणि मी दाराआडून टिपून घ्यायचो.
एकदा तिनं विचारलं, "काय लिहूलास?"
तेही घेतलं.
दोनशे चौदा शब्द झाले.
इराण्णानं फाईल मागितली.
"मी पण तुमच्यात असंच बोलतो की," म्हणाला.

फोन आता अक्काकडे आहे.
काल रात्री अकराला, स्पिंडल फिरत असताना,
खिशात एकदा थरथरलं:
वीज गेली. माग बंद. कवा येऊलास.
चष्मा नसताना लिहिलेलं, तरी अक्षर न् अक्षर बरोबर.

कॅमेरा मात्र त्या रात्रीपासून
सगळं हिरवं दाखवतो.
अक्का हिरवी, देव्हारा हिरवा, दूधही हिरवं.
त्याचं औषध अजून मिळालेलं नाही.
शोधूलो.